आजीच्या माडग्याची चव शोधतेय (हुलगा, कुळीथ आणि थंडीतली कढणं)

रानवेल | 3 नोव्हेंबर, रात्री 9:20

नमस्कार मंडळी,

पुण्यात परवापासून पहाटे गोधडी अंगावर ओढून घ्यावी लागतेय. दिवाळीपर्यंत ऑक्टोबरचा उकाडा अगदी पिळून काढतो आणि मग चार दिवसांत हवा पालटते. संध्याकाळी सातला खिडक्या लावून घेतल्या की पोळी-भाजीपेक्षा काहीतरी पातळ, वाफाळतं, वाडग्यातून प्यायचं असं हवंसं वाटतं. टोमॅटोचं सार झालं, मुगाचं कढण झालं. पण मला खरं हवंय ते आजीचं हुलग्याचं माडगं.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. थंडीत सकाळी चुलीवर अंघोळीचं पाणी तापायचं आणि शेजारच्या वैलावर जर्मनच्या पातेल्यात माडगं रटरटत असायचं. आम्ही नातवंडं दात घासून थेट चुलीपुढं. प्रत्येकाला पितळीत ओतून मिळायचं, वर तुपाचा थेंब. पितळी इतकी तापलेली असायची की फ्रॉकच्या ओच्यात धरून प्यावं लागे. आजी जाऊन 11 वर्षं झाली. तेव्हा विचारून ठेवायला हवं होतं, ते राहिलं.

गेल्या आठवड्यात तीनदा करून पाहिलं. दुकानातून हुलग्याचं पीठ आणलं, लसूण-जिऱ्याची फोडणी दिली, आधणात पीठ कालवून सोडलं. तिन्ही वेळा तुरट झालं. घशाला धरतं, रंगही काळपट येतो. आजीचं माडगं विटकरी-पिवळं असायचं आणि त्याला भाजल्या शेंगांसारखा खमंग वास यायचा. माझं नेमकं कुठं चुकतंय? बाबांना करून घालायचंय. ते 74 वर्षांचे आहेत, थंडीत जेवण कमी होतं त्यांचं.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. तुमच्याकडची थंडीतली इतर कढणं, रस्से, सारं काय असतील तीही इथंच येऊ द्या.

---

माणदेशी | 3 नोव्हेंबर, रात्री 10:05

ताई, चूक तुमच्या फोडणीत नाही, पिठात आहे. विकतचं पीठ बहुतेक वेळा हुलगा तसाच सालासकट दळलेला असतो, कधी कधी न भाजताच. तुरटपणा सगळा सालात असतो.

आमच्याकडं अजून घरी करतात, ते सांगतो.

आधी हुलगा निवडायचा. हुलग्यात खडे त्याच रंगाचे, त्याच आकाराचे असतात. नुसतं ताटात पसरून दिसत नाहीत. पाण्यात घालून रोळून घ्यायचा, म्हणजे भांडं हलवत हलवत वरचा हुलगा पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात घ्यायचा आणि तळाला खडे राहू द्यायचे. दोनतीनदा रोळला की खात्री. मग फडक्यावर पसरून चांगला खडखडीत वाळवायचा. ओला भाजला तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो.

मग भाजणं. लोखंडी कढई, मंद जाळ, एका वेळी दोन वाट्यांच्या वर नाही. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही, तिथं कंटाळून जाळ वाढवायचा नाही. मग एकेक दाणा तडतडायला लागतो, रंग विटकरीवरून थोडा गडद होतो. एक दाणा काढून गार करून दाताखाली धरायचा. कट्‌कन दोन डाळिंब्या झाल्या आणि आतून पिवळसर दिसला की उतरवा. तपकिरी दिसला तर जास्त झालं, कडू लागणार.

गार झाला की जात्यावर भरडायचा. भरडायचा म्हणजे दळायचा नाही, नुसती डाळ व्हायला पाहिजे. मग सुपात घेऊन पाखडायचा, सालं पुढं उडतात, डाळ मागं राहते. ही डाळ बारीक दळली की जे पीठ होतं ते तुमच्या आजीचं पीठ. रंग बघूनच कळंल.

पिठाला थंड पाण्यात कालवायचं. गरम आधणात कोरडं पीठ सोडलं तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. चार माणसांना पाच-सहा वाट्या पाणी आणि चार मोठे चमचे पीठ. एका हातानं धार आणि दुसऱ्या हातानं पळी. मंद जाळावर दहा-बारा मिनिटं तरी शिजू द्या. कच्चा वास गेला की झालं.

---

तेफळ | 4 नोव्हेंबर, सकाळी 8:10

माणदेशींना पूर्ण अनुमोदन. आमच्या कुडाळकडे कुळथाची (कुळीथ म्हणजे तुमचा हुलगाच) पिठी अशीच होते. भाजून, भरडून, सालं काढून. आई मे महिन्यातच वर्षाची पिठी करून डब्यात भरते, पाऊस लागला की भाजणं-वाळवणं जमत नाही.

रानवेल, तुम्हाला पीठ मिळेपर्यंत एक करा. अख्ख्या कुळथाचं कळण. त्याला पीठच लागत नाही.

वाटीभर कुळीथ रात्री भिजत घालायचे. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. सात वाट्या ताजं पाणी घालून कुकरला पाच-सहा शिट्या, मग गॅस बारीक करून दहा मिनिटं. झाकण पडलं की दाणे गाळून बाजूला, त्यांची उसळ होते. राहिलेलं लालसर तपकिरी पाणी म्हणजे कळण. त्यात चार आमसुलं, मीठ, दोन चिरलेल्या हिरव्या मिरच्या, आणि एक उकळी. मग गॅस अगदी मंद करून अर्ध्या नारळाचं दाट दूध घालायचं. इथून पुढे उकळू द्यायचं नाही, दूध फुटतं. वरून ठेचलेल्या लसणीची खोबरेल तेलातली फोडणी, लसूण पार बदामी होईपर्यंत. फोडणी पडली की लगेच झाकण.

भाताबरोबर खातात, पण थंडीत आम्ही पेल्यातून पितो. सर्दी झाली असेल तर आई नारळाचं दूध वगळते आणि दोन मिरीदाणे ठेचून घालते.

आता गोव्यात राहते, इथे शेजारच्या घरात खतखतं शिकले. ते तर जेवणच. सुरण, कणगी, कच्ची केळी, लाल भोपळा, मुळा, मक्याचं कणीस, तूरडाळ, ओल्या नारळाचं वाटण आणि ठेचलेली तेफळं. तेफळातली काळी बी काढून टाकायची, नाहीतर कडवटपणा येतो. फोडणी अजिबात नाही. मला ते दुसऱ्या दिवशी जास्त आवडतं.

---

रानवेल | 4 नोव्हेंबर, दुपारी 1:30

माणदेशी दादा, सालं! तुम्ही लिहिलंत आणि मला एकदम मागचं अंगण दिसलं. आजी सूप घेऊन वाऱ्याच्या बाजूला पाठ करून बसायची आणि समोर तांबूस सालांचा ढीग पडायचा. तो ढीग आम्ही म्हशीच्या पाटीत टाकायचो. इतकी वर्षं मला ते डोळ्यांसमोर होतं, पण माडग्याशी त्याचा संबंध कधी जोडलाच नव्हता.

तेफळताई, कळण आज रात्रीच करते. कुळीथ भिजत घातले आत्ताच, आठ तास होतील.

---

शरयू_ब | 4 नोव्हेंबर, सायंकाळी 6:45

मी आहारतज्ज्ञ आहे. वडिलांसाठी विचारलंय म्हणून थोडं लिहिते.

100 ग्रॅम हुलग्यात साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय लोह आणि कॅल्शियमही चांगलं. पण माडगं पातळ असतं हे लक्षात घ्या. एका वाडग्यात 20 ग्रॅम पीठ पडलं तर प्रथिनं 4 ग्रॅमच्या आसपासच मिळतात. वयस्कर माणसाचं जेवण कमी झालं असेल तर नुसत्या माडग्यावर भागवू नका. सोबत भाकरी कुस्करून द्या, किंवा कळण केलंत तर गाळलेले दाणे फेकू नका, थोडे वाटून परत त्यातच घाला. प्रथिनांचा मोठा भाग त्या दाण्यांत राहिलेला असतो.

दुसरं, लिंबू. डाळीतलं लोह शरीराला सहज मिळत नाही. वाढताना लिंबू पिळलं तर शोषण वाढतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी होतं. माडग्यानंतर तासभर तरी चहा नको.

तिसरं, वायू धरतो अशी तक्रार असेल तर भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि जमलं तर मोड काढा. पोट जड करणारी काही साखरद्रव्यं त्या पाण्यात उतरतात.

आयुर्वेदात कुळीथ उष्ण मानलाय. कफ-वात कमी करणारा, खोकला-उचकी-दम लागणं यांत हितकर, असं चरकसंहितेत येतं. पण तो पित्त वाढवतो आणि शरद ऋतू म्हणजे मुळातच पित्ताचा काळ. कार्तिक संपेपर्यंत शरदच असतो. ज्यांना छातीत जळजळ होते त्यांनी आत्ता मुगाचं कढण घ्यावं, माडगं मार्गशीर्षापासून.

आणि कळकळीचं एक सांगते. मूतखड्यावर कुळथाचं पाणी हा घरोघरी सांगितला जाणारा उपाय आहे. खडा असताना ताप आला, थंडी वाजली, लघवी अडली तर पाणी उकळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आमच्या ओळखीत एका काकांनी आठ दिवस कळणावर काढले आणि मग किडनीत पू झाल्याचं कळलं. वाचले, पण फार हाल झाले.

---

माणदेशी | 4 नोव्हेंबर, रात्री 8:15

शरयूताई, मूतखड्याचं बोललात ते फार बरं केलंत.

ऋतूचं मात्र आमच्याकडं इतकं कोणी पाळत नाही. कोरडवाहू गाव, बाजरी आणि हुलगा दोनच पिकं हमखास यायची. पाऊस दगा देऊन गेला तरी हुलगा चार दाणे देतोच. म्हणून वर्षभर खाल्ला जातो, उन्हाळ्यात ताकात कालवून. शेतकऱ्याच्या घरात बैलाला शिजवलेला हुलगा आणि माणसाला माडगं, दोघांची ताकद एकाच पोत्यातून यायची. माझे वडील पेरणीच्या दिवसांत बैलांच्या आधी कधी जेवले नाहीत.

---

शरयू_ब | 4 नोव्हेंबर, रात्री 8:50

ताकात कालवून म्हणालात, तिथंच उष्णतेचा तोल सांभाळला जातो. दिवसभर उन्हात राबणाऱ्याचं पचन आणि बैठं काम करणाऱ्याचं पचन यांतही फरक आहे. माझं म्हणणं पित्तवाल्यांपुरतंच.

---

मायनदीकाठी | 5 नोव्हेंबर, रात्री 1:10

फ्रँकफुर्टहून. इथं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं जातात आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाचला अंधार. पहिली दोन वर्षं त्या अंधारानं मला फार एकटं वाटायचं. आता त्या आठवड्यात मी मुद्दाम मोठं पातेलं काढते.

या दिवसांत बाजारात होक्काइदो नावाचा लहान केशरी भोपळा ढिगानं येतो. साल काढावं लागत नाही, शिजून मऊ होतं. त्याचं मी आपल्या पद्धतीनं सार करते: तुपात जिरं, आल्याचे तुकडे, भोपळ्याच्या फोडी, शिजल्यावर घोटून थोडं नारळाचं दूध, चिमूटभर गूळ आणि आमसूल. शेजारच्या जर्मन आजी त्यांचं आइनटोप्फ आणून देतात. मसूर, गाजर, बटाटा, सेलरीचा कंद, सगळं एकाच पातेल्यात तासभर शिजवलेलं, शेवटी चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगर घातलं की ते थेट आपल्या आमटीच्या वळणावर जातं. मी त्यांना आमसूल दिलं, त्यांनी पुढच्या वेळी तेच घातलं.

परदेशातल्यांसाठी: मराठी दुकान नसलं तरी हुलगा मिळतो, नाव दुसरं असतं. तमिळ दुकानात कोळ्ळु, कन्नड लोक हुरुळी म्हणतात, तेलुगूत उलवलु, मल्याळीत मुदिरा, उत्तराखंडी मैत्रीण गहत म्हणते. आंध्रातलं उलवचारू म्हणजे आपल्या कळणाचं आटवून आटवून दाट केलेलं भावंडच, चिंच घातलेलं. मी कोळ्ळुच्या पाकिटावरचं चित्र बघून ओळखलं होतं आणि दुकानातच डोळे भरून आले होते.

रानवेल, जात्याऐवजी मिक्सर चालतो का ते कोणी सांगेल का? माझाही तोच प्रश्न आहे.

---

काळी_माती | 5 नोव्हेंबर, सकाळी 9:00

जुन्नरकडचे आम्ही. मिक्सर चालतो. भाजलेला हुलगा थोडा थोडा घालून पल्सवर दोनतीन झटके द्या, सलग फिरवू नका. मग परातीत घेऊन पंख्यासमोर वरून सोडा.

थंडी म्हटल्यावर आमच्याकडे शेंगोळे. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं, भरपूर लसूण-जिरं-मिरची वाटून, हळद, मीठ. घट्ट मळायचं, पोळीपेक्षा घट्ट. तेलाचा हात लावून पोळपाटावर करंगळीएवढी जाड वळी करायची आणि तिची टोकं जुळवून कडं, नाहीतर जिलबीसारखा वेढा. वळताना चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून परत मळा, चिरलेला शेंगोळा रस्स्यात फुटतो.

फोडणीत पाणी खळखळून उकळलं की एकेक सोडायचा. सोडल्यावर पाच मिनिटं पळी घालायची नाही. आधी पाण्याच्या तळाशी जातात, मग वर येतात. वर आले की गॅस मंद करून पंधरा-वीस मिनिटं. परातीला लागलेलं पीठ वाटीभर पाण्यात खरवडून त्याच रस्स्यात ओतायचं, दाटपणा त्यानंच येतो. माझी सासू म्हणते, परात धुतलेलं पाणी टाकणारीच्या हातचे शेंगोळे खाऊ नयेत. सासूबाईंच्या हाताला जी वळी येते ती मला बारा वर्षांत साधली नाही, अजून शिकतेय.

---

तांबडी_माती | 5 नोव्हेंबर, रात्री 9:30

सामिष चालणार असेल तर अळणी पाणी राहायला नको. कोल्हापूरचा म्हटला की लोक तांबडा-पांढरा विचारतात, पण घरात आजाऱ्याला, बाळंतिणीला, लहान पोराला पहिल्यांदा मिळतं ते अळणीच.

हाडासकट मटण, हळद, मीठ, आलं-लसूण वाटण, थोड्या तुपावर परतायचं. झाकणात पाणी ठेवून स्वतःच्याच पाण्यात दहा मिनिटं मुरू द्यायचं, मग ते झाकणातलं गरम पाणी आत. गार पाणी ओतलं तर मटण आखडतं. मंद आचेवर मऊ होईस्तोवर. वर जे पाणी येतं ते गाळून, मिरपूड घालून प्यायचं. तिखटाचा कण नाही. पांढरा रस्सा याच पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ वाटून घातले की होतो.

पाय आणलेत तर घाई नको. चुलीवर पाच-सहा तास लागायचे, कुकरला पाऊण तास तरी. रात्री थंड झाल्यावर रस्सा थिजून खरवसासारखा हलला पाहिजे. हाडातला चिकटा नीट उतरल्याची खूण तीच.

रानवेलताई, बाबांना चालत असेल तर आठवड्यातून एकदा द्या. माझ्या वडिलांना शेवटच्या हिवाळ्यात भाकरी चावता येत नव्हती. अळणीत कुस्करून दिली की दोन घास जास्त जायचे.

---

रानवेल | 9 नोव्हेंबर, रात्री 10:15

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सविस्तर लिहिते.

कळण मंगळवारचं बुधवारी सकाळी झालं आणि पहिल्या झटक्यात जमलं. लसूण बदामी होईपर्यंत थांबायचं ही सूचना फार कामाची. दाणे वाटून त्यातच घातले, शरयूताई. बाबांनी दोन वाट्या घेतलं.

माडग्यासाठी अर्धा किलो हुलगा आणला. रोळला तर तळाला सात खडे निघाले. दोन दिवस गच्चीत वाळवला. आज सकाळी भाजायला बसले. पहिला घाणा मी जास्त भाजला, दाणा आतून तपकिरी झाला, तो बाजूला ठेवला. दुसऱ्या घाण्याला कढईजवळून हललेच नाही. तडतड सुरू झाल्यावर जो वास आला ना, त्यानं बाबा आतल्या खोलीतून उठून ओट्यापाशी आले. काही बोलले नाहीत. डब्यातून चार दाणे उचलून तोंडात टाकले आणि तिथंच उभे राहिले.

मिक्सरला झटके दिले, परातीत घेऊन पंख्यासमोर सोडलं. निम्मी सालं गेली, बाकीची हातानं वेचली. दीड तास लागला. पीठ अगदी आजीच्या पिठाच्या रंगाचं झालं.

माडगं रंगाला आलं, खमंग झालं, तुरटपणाचा लवलेश नाही. पण बाबा म्हणाले, "छान झालंय गं, फक्त आईच्या माडग्याला जिभेच्या कडेला जरा आंबट लागायचं." म्हणून मोठ्या आत्याला फोन लावला. आत्या 80 च्या पुढं आहे, तिला लगेच आठवलं. आजी पीठ पाण्यात कालवायचीच नाही. आदल्या दिवशीचं आंबट ताक असायचं, त्यात रात्रीच कालवून ठेवायची आणि सकाळी आधणात सोडायची. कधीमधी ताक नसलं तर गुळाचं गोड माडगं व्हायचं, सुंठ घालून, आणि दूध पातेलं खाली उतरवल्यावर. मला गोड माडगं अजिबात आठवत नव्हतं. बाबांना आठवत होतं.

आत्ता ताकात पीठ कालवून ओट्यावर झाकून ठेवलंय.

---

माणदेशी | 9 नोव्हेंबर, रात्री 10:40

ताई, आंबट ताकाचं माझ्या ध्यानातच आलं नाही, आमच्याकडं ते उन्हाळ्यात करतात म्हणून. आत्याबाईंना नमस्कार सांगा. ताकाचं आहे तर सकाळी आधणात सोडल्यावर पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबवू नका, नाहीतर ताक फुटतं. मीठ शेवटी.

आमचा हुलगा पुढच्या आठवड्यात काढणीला येतोय. मळणी झाली की पाच किलो पुण्याच्या एस. टी. त बसवून देतो, पत्ता निरोपातून कळवा. पैशाचं नंतर बघू.

---

रानवेल | 10 नोव्हेंबर, सकाळी 7:50

पळी थांबवली नाही. फुटलं नाही.

बाबा दुसरी वाटी घेतायत. आत्या रविवारी येतेय म्हणाली, नवीन हुलगा आला तर ती स्वतः पाखडणार आहे, पंख्यावर तिचा विश्वास नाही. आज ऑफिसातून येताना मंडईतल्या बुरुडाकडून एक सूप घेऊन येते.